पेशीतील डागडुजी : डीएनए दुरुस्त करणारी प्रथिने आणि कर्करोग

स्मरणिकेसाठी लेख द्यावा असे संपादक मंडळाने कळविले, तेव्हा इतिहासाच्या शिक्षकाकडून त्यांनी इतिहासाचाच एखादा विषय अपेक्षिला असणार. मी मात्र विज्ञानाचा विषय निवडला आहे. त्याचे एक कारण घरगुती आहे; ते लेखाच्या उत्तरार्धात येईल. दुसरे कारण असे की, इतिहासाच्या अभ्यासकाला ज्या गोष्टींशी आयुष्यभर व्यवहार करावा लागतो, त्याच गोष्टी आपल्या शरीरातील पेशींमध्ये क्षणोक्षणी घडत असतात. मूळ दस्तऐवज, त्याच्या नकला, नकला करताना झालेल्या चुका आणि त्या चुकांची दुरुस्ती. ही दुरुस्ती कशी होते आणि ती अडली म्हणजे कर्करोगाला वाट कशी मिळते, हे मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. आमच्या विद्यालयातील विज्ञानाच्या सहकारी शिक्षिकेने मजकूर तपासून दिला, म्हणून तो आपल्यापुढे ठेवण्याचे धाडस करीत आहे.

मूळ ग्रंथ आणि त्याच्या नकला

आपले शरीर अब्जावधी पेशींचे बनलेले आहे. बहुतेक पेशींच्या केंद्रकात ४६ गुणसूत्रे असतात. २३ आईकडून आलेली, २३ वडिलांकडून आलेली. या गुणसूत्रांतील डीएनएचा धागा उलगडून सरळ केला, तर त्याची लांबी सुमारे २ मीटर भरेल. हा धागा म्हणजे चार अक्षरांत लिहिलेला एक प्रचंड ग्रंथ आहे. ए, टी, जी आणि सी ही ती चार अक्षरे. आईकडून आलेल्या एका संचात सुमारे ३ अब्ज अक्षरजोड्या असतात आणि वडिलांकडून आलेल्या संचात जवळपास तेवढ्याच. या ग्रंथातील ज्या परिच्छेदांवरून पेशी आपली प्रथिने तयार करते, त्यांना आपण जनुके म्हणतो.

१९५३ मध्ये जेम्स वॉटसन आणि फ्रान्सिस क्रिक यांनी डीएनएची रचना मांडली. रोझलिंड फ्रँकलिन यांच्या प्रयोगशाळेत घेतलेल्या क्ष-किरण छायाचित्राचा त्यात मोठा वाटा होता. त्याचे श्रेय त्यांना हयातीत मिळाले नाही. या रचनेतील महत्त्वाची गोष्ट अशी की, डीएनएचे दोन धागे एकमेकांना गुंडाळलेले असतात आणि ए समोर नेहमी टी, तर जी समोर नेहमी सी असते. म्हणजे एका धाग्यावरचे अक्षर खराब झाले, तरी समोरच्या धाग्यावरून ते काय असले पाहिजे हे ओळखता येते. एखाद्या बखरीचे एक पान वाळवीने खाल्ले, पण दुसऱ्या गावी तिची प्रत सुरक्षित असली, तर मूळ मजकूर पुन्हा उभा करता येतो, तसेच हे आहे. दुरुस्तीची सारी शक्यता या दुहेरी नोंदीत साठवलेली आहे.

रोजची मोडतोड

१९६० च्या दशकापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांची समजूत होती की, डीएनए हा अत्यंत टिकाऊ रेणू आहे. ज्यावर पिढ्यान्‌पिढ्यांचा वारसा अवलंबून, तो सहज खराब कसा होईल? स्वीडनच्या टॉमस लिंडाल यांनी ही समजूत तपासून पाहिली. त्यांनी प्रयोगाने दाखविले की, डीएनए सतत झिजत असतो. त्यासाठी विष किंवा किरणोत्सर्ग लागत नाही. शरीराची ऊब आणि पेशीतील पाणी एवढेही पुरेसे होते. एका मानवी पेशीत एका दिवसात सुमारे १० हजार ठिकाणी अक्षर गळून पडते, असा त्यांचा हिशेब होता. शिवाय आपण श्वासावाटे घेतलेल्या ऑक्सिजनपासून तयार होणारे काही दाहक रेणू अक्षरे बिघडवतात. उन्हातील अतिनील किरण शेजारची अक्षरे एकमेकांना चिकटवतात. तंबाखूतील रसायने अक्षरांना जाऊन बिलगतात. पेशी विभागताना सबंध ग्रंथाची नक्कल होते, तेव्हाही चुका होतात.

या हिशेबाने पाहिले, तर मनुष्यजातच काय, पृथ्वीवर कोणताही जीव टिकायला नको होता. लिंडाल यांनी त्यातून योग्य तो निष्कर्ष काढला. मोडतोड एवढी असूनही आपण जगतो, याचा अर्थ पेशीत दुरुस्तीची व्यवस्था असलीच पाहिजे. आणि १९७४ मध्ये त्यांनी त्या व्यवस्थेतील पहिले प्रथिन शोधून काढले.

दुरुस्तीचे चार मार्ग

पेशीत दुरुस्ती करणारी प्रथिने शंभराहून अधिक आहेत. ती गटागटाने काम करतात. त्यांतील चार प्रमुख मार्ग येथे सांगतो.

पहिला मार्ग एकेका अक्षराच्या दुरुस्तीचा. सी या अक्षरातील एक लहानसा भाग आपोआप गळतो आणि त्याचे यू हे दुसरेच अक्षर बनते. डीएनएमध्ये यू या अक्षराला जागा नाही. लिंडाल यांनी शोधलेले प्रथिन धाग्यावरून फिरता फिरता हे परके अक्षर ओळखते आणि छाटून टाकते. मग दुसरे प्रथिन तेथे चीर पाडते, तिसरे समोरचा धागा पाहून योग्य अक्षर बसवते आणि चौथे जोड पक्का करते.

दुसरा मार्ग पूर्ण तुकडा कापून नवा बसविण्याचा. उन्हामुळे दोन अक्षरे एकमेकांना चिकटली की धाग्याला तेथे कुबड येते. प्रथिनांचा एक गट हा बाक ओळखतो, त्याच्या दोन्ही बाजूंना काप घेतो, मानवी पेशीत सुमारे ३० अक्षरांचा तुकडा उचलून बाजूला करतो आणि ती जागा नव्याने भरली जाते. जिवाणूंमधील हे काम अझीझ सँजार यांनी १९८३ मध्ये स्पष्ट केले.

सँजार यांच्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो, कारण ही स्मरणिका वाचणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना ते जवळचे वाटतील. तुर्कस्तानातील सावूर या छोट्या गावी १९४६ मध्ये त्यांचा जन्म झाला. आठ भावंडांत ते सातवे. आईवडील निरक्षर होते. पण सगळी मुले शिकली पाहिजेत, याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती. सँजार वैद्यकीय पदवी घेऊन डॉक्टर झाले, काही काळ आपल्या भागात त्यांनी रुग्णसेवा केली आणि नंतर संशोधनासाठी अमेरिकेत गेले. पुढील संशोधनासाठी त्यांनी तीन ठिकाणी अर्ज केले; तिन्ही नाकारले गेले. तेव्हा त्यांनी येल विद्यापीठात प्रयोगशाळा-तंत्रज्ञाची साधी नोकरी पत्करली आणि तेथे हे काम सुरू ठेवले.

तिसरा मार्ग नक्कल करताना झालेल्या चुका सुधारण्याचा. नक्कल करणारे प्रथिन सुमारे एक लाख अक्षरांमागे एक चूक करते. बऱ्याच चुका ते स्वतःच मागे वळून सुधारते. तरीही काही राहतात. मग दुसरी प्रथिने नवा धागा तपासतात, जेथे जोडी जुळत नाही तेथे नव्या धाग्याचा तो भाग काढून टाकतात आणि पुन्हा लिहवून घेतात. या तपासणीमुळे उरलेल्या चुका जवळपास हजार पटींनी कमी होतात. आपल्या हाती असलेल्या या स्मरणिकेची मुद्रितेही अशीच फेरीफेरीने तपासली गेली आहेत. फरक एवढाच की, आमच्या नजरेतून सुटणाऱ्या चुका पेशीच्या मानाने कितीतरी अधिक असतील. हा मार्ग पॉल मॉड्रिच यांनी उलगडला. त्यांचे वडील शाळेत जीवशास्त्राचे शिक्षक होते आणि मुलगा विद्यार्थिदशेत असताना त्यांनीच त्याला डीएनएकडे लक्ष दे, असे सांगितले होते. शिक्षकाच्या एका वाक्याचे मोल किती असते, हे आपण जाणतोच.

लिंडाल, मॉड्रिच आणि सँजार या तिघांना २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले.

चौथा मार्ग सर्वांत अवघड प्रसंगासाठी आहे. डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटले, तर समोरची नोंदही नष्ट होते. अशा वेळी पेशी नक्कल झालेल्या जुळ्या गुणसूत्राचा आधार घेते आणि तो मजकूर पाहून तुटलेला भाग जसाच्या तसा उभा करते. हे काम घडवून आणणाऱ्या प्रथिनांत बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन नावे महत्त्वाची आहेत. ही नावे कृपया लक्षात ठेवावीत. पुढे ती पुन्हा येतील.

या चार मार्गांच्या जोडीला एक पहारेकरीही आहे. १९७९ मध्ये सापडलेले पी-५३ हे प्रथिन स्वतः फारशी दुरुस्ती करीत नाही. डीएनएला इजा झाली की ते पेशीचे विभाजन थांबवते आणि दुरुस्तीला अवधी मिळवून देते. इजा भरून येण्यासारखी नसेल, तर ते त्या पेशीला मरण पत्करायला लावते, म्हणजे तिचा बिघाड पुढच्या पेशींत जात नाही. मनुष्याच्या कर्करोगांपैकी सुमारे निम्म्या कर्करोगांत याच पी-५३ चे जनुक बिघडलेले आढळते. हत्तीचा देह एवढा प्रचंड, पेशी एवढ्या अधिक. तरी त्याला कर्करोग क्वचितच होतो. हत्तीजवळ या जनुकाच्या सुमारे २० प्रती असतात, असे २०१५ मध्ये दिसून आले. आपल्याजवळ एकच, आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशी तिची एक जोडी.

दुरुस्ती अडली म्हणजे

कर्करोग म्हणजे पेशींची बेबंद वाढ. एका चुकीने तो होत नाही. वाढीला आवर घालणारी जनुके एकामागून एक बिघडत जातात, त्याला वर्षे लागतात. म्हणूनच तो बहुधा उतारवयात दिसतो. परंतु दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाचेच जनुक बिघडले, तर पुढच्या चुका भराभर साठतात आणि तोच रोग तरुणपणी गाठतो.

याचा पहिला स्पष्ट पुरावा १९६८ मध्ये मिळाला. झिरोडर्मा पिग्मेंटोसम नावाचा एक दुर्मीळ विकार आहे. या मुलांच्या त्वचेवर थोड्याशा उन्हानेही डाग उठतात आणि लहान वयातच त्वचेचा कर्करोग होतो. अमेरिकेतील जेम्स क्लीव्हर यांनी दाखविले की, या मुलांच्या पेशींना अतिनील किरणांनी झालेली इजा दुरुस्त करता येत नाही. वर सांगितलेला दुसरा मार्ग त्यांच्या शरीरात बंद असतो. हा विकार होण्यासाठी आई व वडील दोघांकडूनही सदोष जनुक यावे लागते. मामाची किंवा आत्याची मुलगी करण्याची आपल्याकडील जुनी चाल येथे आठवावी. एकाच आजोबांकडून आलेला दोष दोन्ही बाजूंनी एकत्र येण्याची शक्यता अशा विवाहांत वाढते. नात्यात लग्ने नकोत, असे डॉक्टर सांगतात त्यामागे हा हिशेब आहे.

दुसरे उदाहरण मला इतिहासाचा अभ्यासक म्हणून विशेष मोलाचे वाटते. १८९५ मध्ये अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाचे डॉक्टर अल्ड्रेड वॉर्थिन यांना एक शिवणकाम करणारी बाई भेटली. तिचे नाव पॉलीन ग्रॉस. आपण लवकरच कर्करोगाने मरणार, कारण आपल्या घराण्यात सगळे आतड्याच्या, पोटाच्या किंवा गर्भाशयाच्या कर्करोगानेच जातात, असे तिने सांगितले. डॉक्टरांनी ते हसण्यावारी नेले नाही. त्यांनी तिच्या घराण्याची वंशावळ लिहायला घेतली. पुढे ती बाई खरोखरच गर्भाशयाच्या कर्करोगाने वारली. वॉर्थिन यांनी १९१३ मध्ये आपला अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९६० च्या दशकात हेन्री लिंच यांनी अशाच दुसऱ्या घराण्यांचा अभ्यास सुरू केला आणि वॉर्थिन यांचे घराणेही पुन्हा हाती घेतले. १९९३ मध्ये अशा घराण्यांतील सदोष जनुक सापडले. मॉड्रिच ज्या मार्गाचा अभ्यास करीत होते, त्याच तिसऱ्या मार्गातील प्रथिनाचे ते जनुक होते. २००० मध्ये पॉलीनच्या घराण्यातही त्याच जनुकातील दोष सिद्ध झाला. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने स्वतःच्या घरच्या मृत्यूंवरून जे ताडले होते, ते सिद्ध करायला विज्ञानाला शंभर वर्षे लागली. पण तिचे म्हणणे कोणी तरी लिहून ठेवले, म्हणूनच ते सिद्ध होऊ शकले.

तिसरे उदाहरण स्तनांच्या कर्करोगाचे. तो काही घराण्यांत वारशाने येतो, असे मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवून दिले आणि त्या जनुकाची जागा सतराव्या गुणसूत्रावर निश्चित केली. १९९४ मध्ये बीआरसीए-१ आणि १९९५ मध्ये बीआरसीए-२ हाती आले. यांपैकी एक जनुक सदोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनांचा कर्करोग होण्याची शक्यता ६० टक्क्यांहून अधिक असते. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही बराच वाढतो. हा दोष आईकडून येतो तसा वडिलांकडूनही येतो. मुलगा असो वा मुलगी, प्रत्येक अपत्याकडे तो जाण्याची शक्यता निम्मी असते. पुरुष स्वतः निरोगी राहून तो मुलीकडे पोहोचवू शकतो. मात्र येथे एक गैरसमज टाळावा. स्तनांच्या एकूण कर्करोगांपैकी केवळ ५ ते १० टक्के कर्करोग असे वारशाने येतात.

जनुक कोणाच्या मालकीचे?

बीआरसीए जनुके सापडल्यावर अमेरिकेतील मिरियड जेनेटिक्स या कंपनीने त्यांवर पेटंट घेतले. त्यामुळे तेथे या जनुकांची चाचणी प्रामुख्याने तीच एक कंपनी करीत असे आणि तिचे शुल्क हजारो डॉलर होते. रुग्ण स्त्रिया, डॉक्टर आणि नागरी हक्कांच्या संघटना न्यायालयात गेल्या. १३ जून २०१३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने निर्णय दिला की, निसर्गतः अस्तित्वात असलेल्या डीएनएवर कोणालाही पेटंट घेता येणार नाही. त्यानंतर इतर प्रयोगशाळाही चाचणी करू लागल्या आणि शुल्क उतरले. पाणवठ्याच्या हक्कासाठी लढावे लागलेल्या समाजाला या निर्णयाचे मर्म वेगळे समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दोषातून सापडलेले औषध

दुरुस्तीच्या या ज्ञानातून उपचारही निघाला आहे. बीआरसीए सदोष असलेल्या कर्कपेशीत चौथा मार्ग बंद असतो. ती पेशी मग दुसऱ्या एका मार्गावर विसंबून जगते. त्यात पार्प नावाचे प्रथिन लागते. २००५ मध्ये दोन संशोधक गटांनी दाखविले की, पार्पलाही अडविले, तर ही कर्कपेशी दोन्हीकडून कोंडली जाऊन मरते. निरोगी पेशीत बीआरसीएचा मार्ग चालू असल्यामुळे ती तगते. या तत्त्वावरील ओलापारिब हे औषध २०१४ च्या डिसेंबरात युरोप व अमेरिकेत अंडाशयाच्या कर्करोगासाठी मान्य झाले. आज ते व त्याच्या जातीची इतर औषधे स्तनांच्या आणि अन्य काही कर्करोगांतही वापरली जातात.

दुरुस्तीलाही मर्यादा असते

वारसा आपल्या हाती नाही. पण दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनांवर किती भार टाकायचा, हे पुष्कळसे आपल्या हाती आहे. तंबाखूतील नायट्रोसामाइन नावाची रसायने जी या अक्षराला एक लहानसा गट चिकटवतात आणि नक्कल होताना त्या जागी चूक होते. हा गट काढून टाकणारे एक प्रथिन आपल्या पेशींत आहे. ते चिकटलेला गट स्वतःवर घेते आणि तेथेच निकामी होते. एक रेणू, एक दुरुस्ती आणि त्याचा शेवट. पेशीला नवा रेणू घडवावा लागतो. दिवसभर गालात खर्रा धरून ठेवणाऱ्याच्या तोंडात इजा होण्याचा वेग अधिक की नवे रेणू तयार होण्याचा, हे वाचकांनीच ठरवावे.

रोज २० सिगारेटी ओढणाऱ्याच्या फुप्फुसातील प्रत्येक पेशीत वर्षाला सरासरी १५० नवे कायमचे बदल साठतात, असे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आढळले. तंबाखू नसलेली सुपारीही निर्दोष नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सुपारीला कर्करोगकारक ठरविले आहे. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी आपल्या वस्तीतील पानठेल्यावर काय काय घोटून मिळते, हे मला लिहिण्याची गरज नाही. आपल्या विद्यालयाच्या मेळाव्याला आलेले माझे काही गुणी माजी विद्यार्थीही बोलताना तोंड पुरते उघडू शकत नाहीत, हे मी गेल्या काही वर्षांत पाहत आलो आहे. तोंड कमी उघडणे ही धोक्याची खूण आहे. त्यांनी दंतवैद्याकडे जाण्यास लाजू नये.

घरचा इतिहास

आता लेखाच्या आरंभी उल्लेखलेले घरगुती कारण. माझी आई १९८९ मध्ये वारली. पोटात पाणी झाले, एवढेच आम्हाला कळले. तिची धाकटी बहीण, आमची मावशी, १९९६ मध्ये छातीच्या गाठीने गेली. माझी थोरली बहीण ताई २००३ मध्ये त्याच रोगाने वयाच्या ४२ व्या वर्षी गेली. ताईने गाठ आठ महिने कोणाला सांगितली नाही. ती गेल्यावर कोणी म्हणाले करणी, कोणी म्हणाले मागच्या जन्मीचे भोग. आमचे घर अशा गोष्टी मानणारे नव्हते, म्हणून मी त्यांच्याशी वाद घातला. परंतु करणी नव्हे तर मग काय, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला नाही. प्रत्येक घटनेला कारण असते, असे वर्गात शिकविणारा मी, माझ्याच घरातील तीन मृत्यू एका कागदावर ओळीने लिहून पाहायला विसरलो.

याहून मोठी चूक पुढे घडली. २०१७ मध्ये ताईच्या मुलीचे लग्न ठरत होते. मुलाकडच्यांनी विचारले, मुलीची आई कशाने गेली? घरच्या वडीलधाऱ्यांचे आधीच ठरले होते. मी उत्तर दिले, तापाने. इतिहासाच्या शिक्षकाने दस्तऐवजात खोटी नोंद केली.

२०२२ मध्ये भाचीला वयाच्या ३१ व्या वर्षी गाठ लागली. तिने ती लपविली नाही, म्हणून निदान लवकर झाले. शस्त्रक्रिया आणि औषधोपचार झाले; आज ती बरी आहे आणि पुन्हा शाळेत शिकविते. तिच्या रक्ताच्या तपासणीत बीआरसीए-१ सदोष निघाले. समुपदेशक बाईंनी घराण्याची माहिती विचारली, तेव्हा मी प्रथमच ती वंशावळ कागदावर काढली. आईच्या पोटातले पाणी, मावशी, ताई, भाची. रेघ सरळ होती. आईचा रोग अंडाशयाचा असावा, असे त्या म्हणाल्या. आज ते सिद्ध करता येणार नाही. त्या दिवशी जावईबापू माझ्याजवळ येऊन बसले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते एवढेच म्हणाले, "मामा, तुम्ही आधी सांगितले असते, तर आम्ही तपासणी आधीच केली असती." मला उत्तर देता आले नाही.

नंतर मी माझेही रक्त तपासून घेतले. तो दोष माझ्यातही आहे. मला स्वतःला त्यापासून धोका तुलनेने कमी आहे. पण मला एक मुलगी आहे. ती सज्ञान आहे. मी तिला सर्व सांगितले, कागदही दाखविला. तपासणी केव्हा करायची, हे ती समुपदेशकांशी बोलून ठरविणार आहे.

आपण काय करावे?

पेशीत मोडतोड होणे हा अपवाद नाही, तो नियम आहे. जीव टिकतो तो सततच्या दुरुस्तीमुळे. ज्यांच्या दुरुस्तीत जन्मतः उणीव आहे, त्यांनी कोणतेही पाप केलेले नाही आणि त्यांचे घराणे खालच्या प्रतीचे ठरत नाही. त्यांना इतरांपेक्षा थोडे लवकर आणि थोडे अधिक जपावे लागते, इतकेच. म्हणून माजी विद्यार्थी आणि पालक यांना माझी काही नम्र विनंती आहे.

प्रत्येक कुटुंबाने एका वहीत तीन पिढ्यांची वंशावळ लिहावी. कोण कशाने गेले, कितव्या वर्षी गेले, आईकडचे आणि वडिलांकडचे दोन्ही. ज्यांच्या घरी स्तन, अंडाशय, आतडे किंवा गर्भाशय यांचा कर्करोग दोघा-तिघा रक्ताच्या नातेवाइकांना, विशेषतः पन्नाशीच्या आत झाला असेल, त्यांनी ती वही घेऊन डॉक्टरांकडे जावे आणि आनुवंशिक समुपदेशनाविषयी विचारावे. मुंबईच्या टाटा स्मारक केंद्रात त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची तपासणी तीस वर्षांवरील सर्वांसाठी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात समाविष्ट आहे; तिचा लाभ घ्यावा. दोन-तीन आठवड्यांत न भरणारी तोंडातील जखम, पांढरा वा लाल चट्टा, स्तनातील गाठ, अवेळी होणारा रक्तस्राव यांपैकी काहीही लपवू नये. आणि सोयरीक जुळविताना आजार विचारला गेला, तर खरे सांगावे. खरे ऐकून जे स्थळ मोडते, ते मोडू द्यावे.

आमच्या घरची वही आता भाचीजवळ असते. पहिल्या पानावर माझ्या आईचे नाव आहे आणि त्याच्यापुढे तिच्या आजाराची नोंद, संशयित या शब्दासह. ताईच्या नावापुढे पूर्वी सांगितलेला ताप खोडून मी माझ्या हाताने खरे कारण लिहिले आहे.